लोंबी ठेवायची की काढायची? पेंढ्याच्या १६० कोयऱ्यांच्या ऑर्डरचं प्रकरण

गावाचं नाव, माणसांची नावं देत नाही, सिंधुदुर्गातली एक वाडी एवढं पुरे. गटात आम्ही सात जणी, मी हिशोब लिहिते म्हणून तारखा आणि आकडे माझ्या वहीतले आहेत, बाकी आठवणीतलं.

पार्श्वभूमी

आमच्याकडे नवं बांधतात हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल, झेंडू, कुणाकडे नाचणी-वरीचं कणीस, असं सगळं दोऱ्याने बांधून दाराला, देवाला, तांदळाच्या डब्याला, आणि आता मोटरसायकलच्या हँडललासुद्धा. माझी चुलत सासू, तिला सगळी वाडी काकी म्हणते, ती या नव्यासोबत आणखी एक गोष्ट करायची. पाच काड्या लोंब्यांच्या खाली बांधून त्यांची गोल पोकळ वेणी घालायची, ती वाकवून कोयरीसारखा आकार द्यायचा आणि लोंब्या खाली झुबक्यासारख्या सोडायच्या. ती हे तिच्या आईकडून शिकली. माझ्या मुलीने मोबाईलवर दाखवलं की इंग्लंडमध्ये गव्हाच्या काडीचं अगदी असंच करतात, शेवटच्या पेंडीचं करून पुढच्या पेरणीपर्यंत घरात ठेवायचे म्हणे, आणि स्वीडनमध्ये येव्ले नावाच्या गावात १९६६ पासून चौकात पेंढ्याचा प्रचंड मोठा बोकड उभा करतात आणि तो कितीतरी वेळा कुणीतरी पेटवून दिलाय. (आपल्या येवल्याशी काही संबंध नाही, मी पण आधी तेच विचारलं.) काकीला बोकड दाखवला तर म्हणाली, "एवढो पेंढो गुरांका घातलो असतो तर."

तर गणपतीला डोंबिवलीहून आलेल्या एका बाईंनी काकीच्या दारावरची गेल्या वर्षीची कोयरी बघितली, पार धुरकट झालेली, लोंबीत एक दाणा शिल्लक नाही, चिमण्यांनी साफ केलेली. पण त्यांना ती वेणी एवढी आवडली की मुलीच्या लग्नात रिटर्न गिफ्ट म्हणून १६० हव्यात म्हणाल्या. लग्न १४ डिसेंबरला. भाव ठरला नगाला ५५ रुपये, आगाऊ ३,००० दिले. भाव कसा ठरला तर त्यांनी विचारलं आणि जाऊबाईने पन्नास म्हणायच्या आधी मी पंचावन्न म्हटलं, एवढाच हिशोब. एक कोयरी करायला किती वेळ लागतो हे तोपर्यंत घड्याळ लावून आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

काडीची निवड

इथे आमचं बरोबर आलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

झोडलेल्या पेंढ्याची वेणी होत नाही. झोडणीत काडी चेपते, फाटते, मग ती गुरांना किंवा गवताच्या कुडीला. वेणीला लागते ती लोंबीपासून खाली पहिल्या गाठीपर्यंतची काडी, तेवढाच भाग सलग, गुळगुळीत आणि आतून पोकळ असतो. आणि ती पूर्ण पिकायच्या थोडी आधी, दाणा भरलेला पण काडीत अजून हिरवी झाक आहे अशा वेळी कापावी लागते. पूर्ण वाळलेल्या शेतातली काडी वाकवली की कट्कन मोडते. म्हणजे डिसेंबरच्या ऑर्डरची खरी तारीख ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा. ऑर्डर दिवाळीत आली असती तर नाहीच म्हणावं लागलं असतं, तेव्हा हातात फक्त चेपलेला पेंढा असतो.

दुसरं म्हणजे भात कोणतं. हल्लीच्या बुटक्या जाती, जया वगैरे, त्या मुद्दामच बुटक्या केलेल्या आहेत, वाऱ्यापावसात लोळू नये म्हणून. शेतकऱ्याला ते चांगलं पण आम्हाला काडी आखूड मिळते आणि वेणीत दर चार बोटांवर जोड द्यावा लागतो. जुन्या उंच जातींची काडी लांब. आमच्याकडे एका घरात अजून थोडं वालय लावतात घरच्या लाल भातासाठी, त्यातला एक कोपरा मागून घेतला आणि त्याबदल्यात चार दिवस त्यांच्या कापणीला गेलो.

८ ते १० ऑक्टोबर कापलं, मध्ये एक दिवस परतीच्या पावसाने घालवला, तेवढ्या भिजलेल्या काडीवर काळे ठिपके आले ती बाजूला काढली. बाकीच्या पेंड्या बांधून माळ्यावर उलट्या टांगल्या. मग पान सोलायचं, जाडीप्रमाणे काड्या वेगळ्या करायच्या, वीसेक मिनिटं पाण्यात ठेवून ओल्या पंचात गुंडाळायच्या. जास्त भिजवली तर काडी लिबलिबीत होते. पाच काड्या फुलासारख्या पसरायच्या, एक उचलून पुढच्या दोघींवरून टाकायची, काम थोडं फिरवायचं, मग पुढची. काडी संपत आली की नवीन काडीचं टोक तिरकं कापून जुनीच्या पोकळीत सरकवायचं, म्हणून जाडीचं वर्गीकरण. भाताच्या काडीत वाळूसारखा अंश असतो, सिलिका, त्यामुळे पानाची धार बोटांना कापत जाते. पहिल्या आठवड्यात आम्हा सगळ्यांच्या अंगठ्याला चिकटपट्ट्या होत्या आणि मीठ-तिखट हाताने कालवायचं म्हटलं की घरात बोंब.

अडचण

२७ नोव्हेंबरपर्यंत ११२ कोयऱ्या तयार. तीन खोक्यांत भरून ठेवलेल्या, ४०, ४० आणि ३२, प्रत्येक कोयरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, धूळ लागू नये म्हणून. सगळं कसं छान चाललं होतं. रिबिनी बांधायला म्हणून सर्वांत जुनं खोकं उघडलं आणि आतून भुरकन दोन-तीन पाकोळ्या उडाल्या. बारीक, पिवळट, तांदळाएवढ्या. आधी वाटलं कंदिलाभोवतीची चिलटं. मग एक पिशवी उजेडात धरली तर आत मेलेली एक, जिवंत एक, आणि लोंबीतल्या दाण्यांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं. दाणा नखाने दाबला तर नुसतं साल, आत पीठ.

भातातली पाकोळी. कृषी सहायकांना फोन करून विचारलं तर त्यांनी नीट समजावलं. ही लोंबीवर अंडी घालते, शेतात उभ्या भातावर पण घालू शकते, अळी बारीक असतानाच दाण्यात शिरते आणि आतल्या आत खाऊन पाकोळी होऊनच बाहेर येते. उबदार हवेत हे सगळं साधारण पाच-सहा आठवड्यांत. म्हणजे आम्ही वेणी घालत होतो तेव्हा ती आत होतीच, बाहेरून दाणा ठणठणीत.

मग काकीच्या दारावर इतकी वर्षं हे कधी कसं दिसलं नाही? यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घातली. दारावरच्या लोंब्या आठ दिवसांत चिमण्या खातात, पाकोळी व्हायला दाणा शिल्लकच राहत नाही. आणि जुन्या घरात चुलीचा धूर. आम्ही काय केलं तर चिमणी नाही, धूर नाही, वारा नाही अशी उबदार बंद पिशवी दिली. पाकोळीला माहेरपणच की.

लग्नाला १७ दिवस.

समोर काय काय पर्याय होते

गप्प बसून द्यायच्या. हे कुणी तोंडाने म्हटलं नाही असं नाही. जाऊबाई म्हणाली, "सांगा नको गो, थंय जावन कोण बघता?" तिचं पण बरोबर होतं एका अर्थी, दुसऱ्या-तिसऱ्या खोक्यात वरून काहीच दिसत नव्हतं. पण १६० घरांत लग्नाची आठवण म्हणून टांगलेल्या वस्तूतून आठ दिवसांनी पाकोळ्या निघाल्या आणि लोकांच्या तांदळाच्या डब्यात गेल्या तर? काकीने एका वाक्यात विषय संपवला, "किडीचो भात कोणाच्या घरात देवचो नाय."

सगळ्या लोंब्या कापून टाकायच्या. सर्वांत सोपा आणि खात्रीचा उपाय, कारण कीड दाण्यात आहे, काडीत नाही. पण इथे काकीच आडवी आली. "लोंबी काढलंस तर रवला काय तेच्यात?" तिच्या मते लोंबीशिवाय ती कोयरी म्हणजे नुसता पेंढा. मला पण तेव्हा तसंच वाटत होतं, आणि ऑर्डर देताना बाईंनी लोंबीवालीच बघितली होती.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या. एका घरातून लगेच आणून द्यायला तयार होते. त्यातून जो गॅस निघतो तो माणसाला मारतो, झोपतो त्याच घरात खोकी आहेत, पोरं फिरतात. हा पर्याय मी पाच मिनिटं पण ठेवला नाही, आणि कुणी ठेवू नये.

कडुलिंबाचा पाला, धुरी. पाला नवीन पाकोळी येऊ नये म्हणून ठीक असेल, दाण्याच्या आतल्या अळीला तो काय करणार. धुरीने रंग जातो आणि वास राहतो, लग्नाच्या हॉलमध्ये चुलीचा वास घेऊन कोण फिरणार.

ऊन. काळ्या प्लॅस्टिकखाली कडक उन्हात ठेवलं तर आत बरंच तापतं. पण नोव्हेंबर अखेरचं ऊन आणि तयार वेणी, काडी कोरडी पडून सांध्यात सुटण्याची भीती.

थंडी. कृषी सहायकांनी सांगितलं की उणे अठराच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवलं तर अंड्यासकट सगळं मरतं. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आमच्याकडे बांगडे. वाडीत मासळीवाल्याचा मोठा फ्रीझर आहे पण त्याचं नाव काढताच सगळ्या हसल्या. मग बाजारातल्या आइस्क्रीमवाल्याची आठवण झाली. हिवाळ्यात त्याचं एक डीप फ्रीझर अर्धं रिकामं असतं.

काय केलं

पहिलं खोकं, ४० नग, त्यातल्या दाण्यांची दशा झालेलीच होती, त्यांच्या लोंब्या कापल्या आणि खळ्यात नेऊन जाळल्या. त्या जागी वाळलेली कुरडूची फुलं बांधली. कुरडू वाळला तरी गुलाबी-रुपेरी रंग धरून राहतो आणि रानात फुकट. खरं सांगू, ते लोंबीपेक्षा छान दिसलं, पण हे काकीसमोर बोलायची हिंमत कुणाची.

दुसरं-तिसरं खोकं, ७२ नग, ३० नोव्हेंबरला फ्रीझरमध्ये. दुकानदाराने आधी झाकण उघडून हुंगलं आणि विचारलं, "वैनीनू, तेच्यात मासळी नाय मां?"

राहिलेल्या ४८ कोयऱ्या लोंबीशिवाय करायच्या असं ठरलं, कारण माळ्यावरच्या पेंड्या आता फ्रीझरमध्ये घालून आठवडा थांबायला वेळ नव्हता.

आणि बाईंना फोन. हा फोन मी २७ला करायला हवा होता, केला ३०ला. तीन दिवस मी आधी उपाय सापडू दे मग सांगते असं स्वतःला सांगत होते. फोनवर घसा कोरडा. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "अहो, मला तर ती वेणीच आवडली होती. तुमच्या काकींच्या दारावरच्या लोंबीत दाणा होता कुठे?"

मी गप्पच. खरंच, त्यांनी बघितली त्या कोयरीत एक दाणा नव्हता! लोंबी भरलेली हवी हे आम्ही आमचंच धरून चाललो होतो. मग त्या जरा थांबून म्हणाल्या की सासूबाईंच्या वयाच्या माणसांना मात्र भाताची लोंबी शुभ वाटेल, तेव्हा ज्या फ्रीझरमध्ये आहेत त्या तशाच येऊ देत. म्हणजे निम्म्याहून जास्त लोंबीशिवाय, उरलेल्या लोंबीवाल्या.

एवढ्यावर निभावलं असतं. पण ७ डिसेंबरला फ्रीझरमधून काढताना मोजणी नीट व्हावी म्हणून आम्ही दुकानातच पिशव्या उघडायला लागलो. बाहेर आपली दमट हवा, आत उणे अठराची काडी. बर्फाचा ग्लास बाहेर ठेवला की त्याला घाम येतो तसा प्रत्येक कोयरीला बारीक घाम फुटला. तेव्हा वाटलं सुकेल. २४ पिशव्या उघडून झाल्यावर दुकानदाराच्या मुलाने, अकरावीत आहे, म्हटलं की काकू, पिशवीतच राहू दे ना, गरम झाल्यावर उघडा, म्हणजे पाणी पिशवीच्या बाहेर धरेल. उरलेल्या ४८ तशाच बंद घरी नेल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या, ठणठणीत कोरड्या. उघडलेल्या २४ पैकी १९ वर तिसऱ्या दिवसापर्यंत वेणीच्या आतल्या घडीत काळी बुरशी. वेणी पोकळ असते ना, बाहेरून सुकली तरी आत पाणी राहिलं. पुसून बघितलं, डाग पसरला. सोडून दिल्या.

निकाल

कुरडूच्या ४०, फ्रीझरमधल्या ५३, नव्या ४८, झाल्या १४१. ९ आणि १० डिसेंबरच्या रात्री बसून आणखी ९ केल्या, त्यातल्या शेवटच्या दोन उजेडात बघण्यासारख्या नाहीत. १५० नग ११ तारखेला दीर तुतारी एक्सप्रेसने घेऊन गेले, खोकी मांडीवर, वरच्या बर्थवर ठेवायला घाबरले. दहा कमी असल्याचं बाईंना आधीच सांगितलं होतं, त्यांनी दहा घरांत पेढ्याचे बॉक्स दिले.

पैसे १५० × ५५ = ८,२५० आले. खर्च असा: खोकी आणि लहान बॉक्स १,२८०, दोरा-रिबीन ३५०, फ्रीझरचं भाडं दुकानदाराने घेतलं नाही पण लाइटबिलाचे म्हणून ३०० दिले, तिकीट-रिक्षा ६००. एकूण २,५३०. हातात ५,७२०. आता वेळ. एक कोयरी पाऊण तास, म्हणजे दीडशेच्या साडेबारा कमी सव्वाशे तास, बुरशीने गेलेल्या १९ चे चौदा तास, आणि कापणी, सोलणं, निवडणं, लोंब्या कापून कुरडू बांधणं असं मिळून चौतीसेक तास. वहीत १६० तास धरलेत. तासाला ३६ रुपये सुद्धा पूर्ण पडत नाहीत. आठ तासांचे २८६. हा आकडा मी मोठ्याने वाचला तेव्हा एक जण म्हणाली, एवढ्यात तर कापणीला गेले असते, बोटं पण तेवढीच कापली असती. त्यात वालयाच्या कोपऱ्याच्या बदल्यात केलेली चार दिवसांची कापणी धरलेलीच नाही.

तक्रार एकच आली, आणि ती पाकोळीची नव्हती, एका घरी उंदराने लोंबी नेली. त्याला आमचा नाइलाज.

परत करायचं झालं तर

भाव आधी. एक नग घड्याळ लावून करायचा आणि मग तोंड उघडायचं. आता ९० सांगतो, थोड्या जणी नाही म्हणतात, चालतं.

गिऱ्हाईकाला काय आवडलं ते तिच्याच तोंडून ऐकायचं. "ही आवडली" म्हणजे त्यातलं काय आवडलं, एवढा एक प्रश्न गणपतीतच विचारला असता तर २७ नोव्हेंबरनंतरचे ते दहा दिवस आलेच नसते, कारण लोंबी काढून ठेवायला आमचा हात ऑक्टोबरमध्येच मोकळा होता. आणि गडबड झाली की फोन त्याच दिवशी. तीन दिवसांत मी काहीही नवीन शोधलं नव्हतं, नुसती झोप घालवली.

प्लॅस्टिकची पिशवी बंद. कागदात गुंडाळून, माळ्यावर, दर आठवड्याला एक खोकं उघडून बघायचं. आम्ही २७ तारखेपर्यंत एकही उघडलं नव्हतं हीच मोठी चूक, पहिली पाकोळी कदाचित आठवडाभर आधी दिसली असती.

लोंबीवाल्या हव्याच असतील तर वेणी घालायच्या आधी, कापून सुकवल्या सुकवल्या, अख्ख्या पेंड्याच फ्रीझरमध्ये घालायच्या आणि बंद पिशवीतच रात्रभर बाहेर ठेवून मग उघडायच्या. हे ठरवून मी यंदा सप्टेंबरलाच आइस्क्रीमवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "वैनीनू, ऑक्टोबरची उष्णता बघतास मां? तेव्हा माझो फ्रीझर फुल असता." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ऊन. यंदा आठ पेंड्या खळ्यात काळ्या प्लॅस्टिकखाली ठेवल्या, दुपारी थर्मामीटर आत सरकवून बघितला तर चौपन्न. तीन दिवस रोज दुपारी तसंच तापवलं. काडीचा हिरवा रंग बराच उडाला, वेणी घालताना दुप्पट वेळ भिजवावी लागते, काकी त्यावरून रोज काहीतरी बोलते. त्यातल्या दोन पेंड्या मुद्दाम बरणीत बंद करून ठेवल्यात, झाकणावर तारीख लिहून, सहा आठवडे व्हायला अजून अकरा दिवस आहेत.